जुन्या गाडीची वॉरंटी: एका क्लेमची पूर्ण हकिकत

डिसेंबर २०२४ मध्ये आम्ही जुनी एएमटी, म्हणजे क्लचचं पेडल नसलेली, हॅचबॅक घेतली. मार्चमध्ये तिचा गिअर पडेनासा झाला आणि एप्रिलच्या मध्यावर ती वॉरंटीतून दुरुस्त होऊन घरी आली. सगळे पैसे मिळाले नाहीत, पण मोठा भाग मिळाला. मधला महिना मात्र फार जड गेला. रोज फोन, रोज मेल, आणि प्रत्येक वेळी समोरचा माणूस पुस्तिकेतलं एखादं कलम दाखवणार. ज्यांच्या हातात आत्ता अशी पुस्तिका आहे किंवा जे गाडीचं टोकन द्यायला निघालेत, त्यांच्यासाठी हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

माझ्या डाव्या गुडघ्याच्या दुखण्यामुळे क्लच दाबणं डॉक्टरांनी बंद करायला सांगितलं होतं. नवीन ऑटोमॅटिक गाडी बजेटच्या बाहेर होती. आम्ही चिंचवडला राहतो. ऑक्टोबरपासून आसपासची दुकानं पाहिली, थेट मालकांच्या गाड्याही पाहिल्या. मालकाकडून घेतली तर साधारण तीस-चाळीस हजार वाचत होते, पण तिथे वॉरंटी नाही. व्यवहार झाला की गाडी तुमची आणि तिचं दुखणंही तुमचं. शेवटी एका सर्टिफाइड जुन्या गाड्यांच्या दुकानातली २०१८ ची पेट्रोल गाडी पसंत पडली. किंमत ४,३५,००० रुपये.

टोकन देण्याआधी ओळखीच्या गॅरेजवाल्या काकांना घेऊन गेले. तपासणीचे त्यांनी १,५०० रुपये घेतले आणि ते पैसे मला पुढे फार उपयोगी पडले. गाडी थंड असताना सुरू करून पाहिली, स्कॅनर लावला, चढावर थांबवून परत उचलली. निघताना म्हणाले, "ताई, गाडी चांगली आहे. पण एएमटीचं काम निघालं तर खर्च मोठा असतो. ॲक्च्युएटर वॉरंटीत धरलाय का, एवढं त्यांच्याकडून लिहून घ्या."

इथे थोडं थांबून सांगते, कारण पुढचं सगळं यावरच अडलं. एएमटी म्हणजे आतून साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच. क्लच प्लेट असते, गिअर तसेच असतात. फक्त पायाने क्लच दाबणं आणि हाताने गिअर बदलणं ही दोन कामं ॲक्च्युएटर नावाचा भाग करतो. आमच्या गाडीत तो तेलाच्या दाबावर चालतो: एक छोटा इलेक्ट्रिक पंप, व्हॉल्व्ह, सील आणि या सगळ्यांना हुकूम देणारं कंट्रोल युनिट. म्हणजे अर्धं यंत्र, अर्धी वीज. वॉरंटीच्या यादीत तो कुठल्या खान्यात बसतो, हे कागदावर उघड दिसत नाही.

दुकानदार तोंडी "एक वर्षाची इंजिन-गिअरबॉक्स वॉरंटी" म्हणत होता. मी पूर्ण पुस्तिका मागितली. आधी एक पानाचं चकचकीत पत्रक आलं, पुन्हा मागितल्यावर व्हॉट्सॲपवर पीडीएफ आली. बाहेर दुकानाचं नाव, आत मात्र वॉरंटी चालवणारी कंपनी वेगळीच. क्लेम मंजूर करणार ती, दुकानदार नव्हे. हे विकत घेण्याआधी विचारायलाच हवं: पैसे कोण देणार, आणि त्यांचा मेल आयडी कोणता?

पुस्तिका संध्याकाळी पेन्सिल घेऊन वाचली. मुदत एक वर्ष किंवा १५,००० किलोमीटर, यातलं जे आधी संपेल ते. पहिल्या १५ दिवसांतला बिघाड धरला जाणार नाही. एका क्लेमला जास्तीत जास्त ४०,००० आणि वर्षभरात मिळून ८०,००० रुपये. ही मर्यादा पत्रकावर कुठेही नव्हती. मग काय धरलंय याची यादी: इंजिनमधले पिस्टन, क्रँकशाफ्ट, व्हॉल्व्ह, ऑइल पंप, मॅन्युअल गिअरबॉक्सचे आतले, तेलात चालणारे भाग, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा टॉर्क कन्व्हर्टर आणि व्हॉल्व्ह बॉडी. आणि काय धरलेलं नाही ती यादी याच्या दुप्पट लांब: क्लच प्लेट, ब्रेक पॅड, टायर, बॅटरी, बेल्ट, रबरी होज, बल्ब, वायपर, फिल्टर, सगळी तेलं, सस्पेन्शनचे बुश, काच, रंग, गंज. पाणी शिरून झालेलं नुकसान नाही. इंजिन तापल्यावरही गाडी चालवत राहिल्यामुळे झालेलं नुकसान नाही. बाहेरून बसवलेलं सीएनजी किट असेल तर इंजिनचा क्लेम नाही. वायर कापून हॉर्न, दिवे किंवा कॅमेरा बसवला असेल तर त्या वायरिंगचा क्लेम नाही. टॅक्सी म्हणून वापरली तर वॉरंटीच रद्द.

वाचून पहिल्यांदा वाटलं, मग उरलं काय? पण दुसऱ्यांदा वाचताना त्यामागचा विचार कळला. गाडीचा खर्च तीन खिशांतून होतो. बाहेरून काही आदळलं, चोरी झाली, पूर आला तर तो विमा. विम्यात यांत्रिक बिघाड धरत नाहीत, आणि पाणी ओढून इंजिन बसलं तर साध्या विम्यातही ते सहसा येत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर घ्यावं लागतं. पुण्यात पावसाळ्यात भुयारी मार्ग भरतात, तेव्हा हे फार महत्त्वाचं. चालवून चालवून जे झिजतं ते आपलं. आणि झिजेव्यतिरिक्त जो भाग आतून अचानक दगा देतो तेवढ्यापुरती वॉरंटी. भांडण नेहमी दुसऱ्या आणि तिसऱ्या खिशाच्या सीमेवर होतं.

यादीत टॉर्क कन्व्हर्टर होता, तो एएमटीत नसतोच. ॲक्च्युएटरचं नाव कुठेच नव्हतं. मी दुकानाला मेल केला, साधा दोन ओळींचा: "या गाडीचा एएमटी ॲक्च्युएटर वॉरंटीत येतो का? येत असल्यास या मेलला उत्तर देऊन कळवावे, त्यानंतर मी टोकन भरेन." दोन दिवस काहीच नाही, फोनवर मात्र "हो मॅडम, सगळं येतं." मी मेलवरच उत्तर हवं म्हणून थांबले. तिसऱ्या दिवशी मॅनेजरचं उत्तर आलं की ॲक्च्युएटर गिअरबॉक्सचा भाग म्हणून धरला जाईल, आणि त्याने वॉरंटी कंपनीलाही प्रत लावली होती. तुम्ही कोणतीही गाडी घ्या, तिचा जो महागडा भाग असेल त्याचं नाव घेऊन असा एक मेल नक्की करा. डिझेल असेल तर टर्बो आणि इंजेक्टर, सनरूफ असेल तर त्याची मोटर.

बाकीचं पटापट सांगते. परिवहनच्या संकेतस्थळावर आरसीवर कर्जाचा बोजा आहे का आणि चलन बाकी आहेत का ते पाहिलं. आधीच्या मालकाचं कर्ज फिटलेलं होतं, बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ लावून बोजा उतरवला. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या, आरटीओचं काम दुकानानेच केलं. २१ डिसेंबरला, शनिवारी, गाडी ताब्यात घेतली. वॉरंटीच्या प्रमाणपत्रावर माझं नाव, चासी नंबर आणि त्या दिवशीचं मीटरवरचं रीडिंग हे तिन्ही तिथेच ताडून पाहिलं. चासी नंबरमध्ये एक अंक चुकला होता, तो लगेच दुरुस्त करून घेतला. विमाही नावावर करायचा असतो, त्यासाठी १४ दिवसांत कंपनीला कळवायचं. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत) त्याच्याबरोबर जातो, गाडीबरोबर येत नाही, त्यामुळे उरलेल्या मुदतीसाठी फरकाची रक्कम भरावी लागली.

फेब्रुवारीत सर्व्हिसिंगची वेळ आली. पुस्तिकेत अट होती की सर्व्हिसिंग वेळेवर आणि मान्यताप्राप्त वर्कशॉपमध्येच व्हायला हवं आणि जीएसटीचं बिल हवं. काकांकडे निम्म्या पैशांत झालं असतं, पण वॉरंटीच्या वर्षापुरतं कंपनीच्या वर्कशॉपलाच गेले.

१५ मार्च, धुळवडीचा दुसरा दिवस. आई-बाबांना घेऊन साताऱ्याला निघालो होतो. खंबाटकी घाटात एका ट्रकमागे वेग कमी झाला, गिअर बदलताना धक्का बसला आणि पॅनेलवर गिअरचा दिवा लागून 'एन', म्हणजे न्यूट्रल, लुकलुकायला लागला. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन नुसतं ओरडतंय, गाडी जागची हलत नाही. मागून ट्रकची रांग. बाबा शांत होते, आई मात्र घाबरली होती, आणि माझे हात स्टिअरिंगवर थरथरत होते. ब्लिंकर लावले, १०३३ ला फोन केला. राष्ट्रीय महामार्गावर अडकलात तर हा नंबर लक्षात ठेवा. त्यांच्या माणसांनी गाडी कडेला घेतली.

एक स्थानिक मेकॅनिक मदतीला आला. भला माणूस होता. बॉनेट उघडून म्हणाला, "तेल कमी झालंय, टाकून देतो, घरापर्यंत जाल." मोह झाला होता. पण पुस्तिकेत स्पष्ट होतं की बिघाड झाल्यावर आधी कळवायचं आणि मंजुरीशिवाय कोणालाही काही उघडू द्यायचं नाही. शिवाय तेल भरलं असतं तर ते कुठून गेलं याची खूण पुसली गेली असती. मी त्यांना तेल न टाकता फक्त टॉर्च धरायला सांगितलं आणि ओघळाचे फोटो काढले. मीटरच्या रीडिंगचा आणि लुकलुकत्या पॅनेलचा व्हिडिओ काढला. वॉरंटीच्या नंबरला फोन करून क्लेम नंबर घेतला. विम्याबरोबर रोडसाइड असिस्टन्स होता, त्यातून फ्लॅटबेड, म्हणजे गाडी वर चढवून नेणारा ट्रक, आला. ५० किलोमीटरपर्यंत मोफत, पुढचे १,४०० रुपये आम्ही भरले. आई-बाबांना एसटीने साताऱ्याला पाठवलं आणि मी ट्रकच्या केबिनमध्ये बसून चिंचवडला परत आले.

सोमवारी, १७ तारखेला वर्कशॉपमध्ये जॉब कार्ड, म्हणजे तक्रारीच्या नोंदीचा कागद, झालं. सर्व्हिस ॲडव्हायझरने लिहिलं: गिअर पडत नाही, क्लच खराब असण्याची शक्यता. मी त्यांना विनंती केली की तपासणीच्या आधी क्लचचं नाव लिहू नका, मी सांगितलेली लक्षणं लिहा. कारण जॉब कार्डची प्रत वॉरंटी कंपनीकडे जाते आणि क्लच म्हणजे झीज, म्हणजे नकार. ते भले होते, त्यांनी कार्ड बदललं: गिअर पडत नाही, दिवा लागतो, तेलाची गळती दिसते. मग स्कॅनर लावला, फॉल्ट कोडची छापील प्रत मी मागून घेतली. गिअरबॉक्स खोलण्यासाठी माझी संमती लागली. क्लेम नाकारला गेला तर खोलण्याचे ४,८०० रुपये माझ्याकडून, मंजूर झाला तर नाही. अशी सही सहसा करावी लागते, म्हणून आधीच मनाची तयारी ठेवा.

कंपनीच्या तपासनीसाने व्हिडिओ कॉलवर पाहणी केली. ॲक्च्युएटरच्या सीलमधून तेल गळत होतं, दाब तयार होत नव्हता. क्लच प्लेटही बरीच झिजली होती. २१ मार्चला मेल आला: क्लेम नामंजूर. कारणं दोन. क्लच झिजण्याचा भाग आहे, आणि ॲक्च्युएटर हा विजेवर चालणारा भाग असून तो यादीत नाही.

ती रात्र वाईट गेली. घेतल्यापासून तीन महिन्यांत गाडी बंद, एस्टिमेट पन्नास हजारांच्या वर, आणि आपण इतकं वाचूनही इथेच येऊन थांबलो असं वाटत राहिलं. नवऱ्याने दुसऱ्या दिवशी सकाळी डिसेंबरमधला मेल शोधून प्रिंट काढला. मी उत्तर लिहिलं. रागाचा एक शब्दही त्यात ठेवला नाही, फक्त क्रम: टोकनच्या आधी विचारलेला प्रश्न, मॅनेजरचं उत्तर, त्यावर तुम्हाला लावलेली प्रत, सर्व्हिसिंगचं बिल, घाटातले फोटो, फॉल्ट कोड, वर्कशॉपचं निदान. क्लच मी मागतच नाही, असंही स्पष्ट लिहिलं. जे आपलं नाही ते सोडून दिलं की जे आपलं आहे त्यावर बोलणं सोपं होतं. मेल वॉरंटी कंपनीला, दुकानाला आणि पुस्तिकेत शेवटच्या पानावर दिलेल्या तक्रार अधिकाऱ्याला पाठवला.

काहीच हालचाल होईना, तेव्हा २६ मार्चला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर, तक्रार नोंदवली. मराठीत बोलता येतं, डॉकेट नंबर मिळतो. हेल्पलाइन निकाल देत नाही, तक्रार कंपनीपर्यंत पोहोचवून उत्तर मागते. पण कंपनीचा सूर त्यानंतर बदलला हे खरं. पुढची पायरी म्हणून जिल्हा ग्राहक आयोगाची माहितीही काढून ठेवली होती. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण जिथे राहतो तिथल्या आयोगाकडे तक्रार करता येते, विक्रेता कुठेही असो. मुदत दोन वर्षं. मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि जानेवारी २०२५ पासून ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन दाखल करता येते. आमच्यावर ती वेळ आली नाही.

वर्कशॉपमध्ये मार्चअखेरची गर्दी होती. गुढीपाडवा ३० तारखेला होता, आम्ही रिक्षाने देवळात जाऊन आलो. ३ एप्रिलला मंजुरीचा मेल आला. ॲक्च्युएटर आणि त्याची मजुरी मंजूर, ४०,००० च्या मर्यादेत. क्लच आणि तेलं नाहीत. मी तो मेल ऑफिसच्या जिन्यात उभी राहून दोनदा वाचला आणि बाबांना फोन लावला.

भाग येईपर्यंत ११ एप्रिल उजाडला. गिअरबॉक्स खाली उतरलेलाच होता, म्हणून क्लच सेटही त्याच वेळी बदलून घेतला. नंतर बदलायचा म्हटला असता तर उतरवण्याची मजुरी पुन्हा पडली असती. एएमटीत क्लच बदलला की स्कॅनर लावून कंट्रोल युनिटला नवा क्लच शिकवावा लागतो, नाहीतर गाडी धक्के देते. हे काम झालं का ते बिलावर पाहून घ्या.

१६ एप्रिलला हातात आलेलं बिल असं. ॲक्च्युएटर ३८,६००, मजुरी ५,९००, क्लच सेट ९,२००, तेलं २,१५०. एकूण ५५,८५०. यातले ४०,००० कंपनीने थेट वर्कशॉपला दिले, १५,८५० मी भरले. खोलण्याचे ४,८०० लागले नाहीत. "कॅशलेस" म्हटलं तरी मर्यादेवरची आणि यादीबाहेरची रक्कम गाडी उचलतानाच द्यावी लागते, तेवढी सोय करून जा.

दुकानात आम्हाला वाढीव वॉरंटीही सुचवली होती, तेव्हा घेतली नव्हती. दुरुस्तीनंतर, डिसेंबर २०२५ मध्ये मुदत संपेल तेव्हा घ्यायची का, याचा विचार सुरू झाला. वाढीव योजनेत ॲक्च्युएटर यादीतच नाव घेऊन दिला होता, ही जमेची बाजू. पण एका क्लेमची मर्यादा तिथेही ४०,००० च होती आणि आमच्या गाडीत नवा ॲक्च्युएटर नुकताच बसला होता. त्या भागावर वर्कशॉपची स्वतःची वेगळी वॉरंटी मिळाली आहे, तीही बिलावर छापून घेतली. बदललेल्या भागावर अशी वॉरंटी बऱ्याचदा असते आणि ती गाडीच्या वॉरंटीबरोबर संपत नाही, म्हणून दुरुस्तीचं बिल जपून ठेवा.

या क्लेमनंतर त्या वर्षाच्या वॉरंटीत अजून ४०,००० रुपये शिल्लक होते. ते मंजुरीच्या मेलमध्ये लिहिलेलं नव्हतं, मी विचारून लेखी घेतलं. तुमचा एखादा क्लेम झाला असेल तर तुम्हीही उरलेली रक्कम आणि उरलेले किलोमीटर एकदा विचारून घ्या. गाडी महिनाभर वर्कशॉपमध्ये उभी असली तरी मुदत वाढवून मिळत नाही, असं मला उत्तर आलं. तुमच्या पुस्तिकेत वेगळं असू शकतं.